सोल्युशन-फोकस्ड ब्रीफ थेरपी: समुपदेशक 'का?' विचारत नाही, मग काय विचारतो?

पाऊलवाट

मागे एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं: "चार वेळा समुपदेशकाकडे जाऊन आलो. त्रास कशामुळे होतो हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. बरं वाटेल तेव्हा मी काय करत असेन, हेच विचारत राहिले. ही फसवणूक आहे का?" खाली बहुतेकांनी 'हो' असं उत्तर दिलं होतं. ते वाचल्यापासून मनात घोळतंय, म्हणून हा वेगळा धागा.

मी समुपदेशन करते. माझं पहिलं शिक्षण नेमकं उलट्या पद्धतीत झालं. आधी सगळा इतिहास घ्यायचा, मूळ शोधायचं, मग काय करायचं ते ठरवायचं. सोल्युशन-फोकस्ड ब्रीफ थेरपीकडे, म्हणजे अडचणीपेक्षा उपायावर लक्ष ठेवणाऱ्या लघु उपचारपद्धतीकडे, मी उशिरा वळले, तेही शंका घेऊनच. त्यामुळे ज्यांना ती अर्धवट किंवा वरवरची वाटते, त्यांचा राग मला समजतो. पण त्या समुपदेशकाने विचारलेला प्रश्न उडवाउडवीचा नव्हता, या पद्धतीतलं खरं काम त्या प्रश्नातूनच सुरू होतं.

पद्धत कुठून आली ते थोडक्यात सांगते. अमेरिकेत मिलवॉकी शहरात स्टीव्ह डी शेझर आणि मूळच्या कोरियाच्या इन्सू किम बर्ग या पतिपत्नींनी सहकाऱ्यांबरोबर १९७८ मध्ये ब्रीफ फॅमिली थेरपी सेंटर सुरू केलं. एकतर्फी काचेमागे सहकारी बसायचे, आतलं संभाषण ऐकायचे, आणि नंतर सगळे मिळून एकाच गोष्टीवर चर्चा करायचे: आत्ता जे बोलणं झालं त्यातल्या कशाचा या माणसाला उपयोग झाला? उपयोग झाला ते ठेवायचं, नाही ते टाकायचं. आधी सिद्धान्त आणि मग त्याप्रमाणे सत्रं, असं तिथे झालं नाही. हजारो तासांची संभाषणं ऐकता ऐकता पद्धत घडत गेली.

त्यांच्याकडचा एक प्रसंग बऱ्याचदा सांगितला जातो. एक कुटुंब आलं आणि त्यांनी एकामागून एक २७ तक्रारी मांडल्या. त्यातली एकही इतकी स्पष्ट नव्हती की तिच्यावर नेमकं काही सुचवता यावं. शेवटी गटाने एवढंच सांगितलं की पुढच्या भेटीपर्यंत लक्ष ठेवा, तुमच्या घरात असं काय काय घडतं जे पुढेही घडत राहावं असं तुम्हाला वाटतं. कुटुंब परत आलं ते अशा गोष्टींची यादी घेऊन, आणि शिवाय परिस्थिती बरीच सुधारली आहे असं सांगत. तक्रारींना कुणी हातही लावला नव्हता. मग हेच काम त्यांनी इतरांनाही पहिल्या भेटीनंतर द्यायला सुरुवात केली, तक्रार कुठलीही असो.

आता प्रत्यक्ष सत्र. पहिला प्रश्न बहुधा असा असतो: "आपल्या या बोलण्यातून काय झालं तर तुम्हाला वाटेल की येण्याचं सार्थक झालं?" हा प्रश्न या रूपात लंडनच्या 'ब्रीफ' या संस्थेने रूढ केला. माणूस साहजिकच आधी काय नको ते सांगतो. चिडचिड नको, रडू नको, भीती नको. ते नीट ऐकून घ्यायचं, आणि मग विचारायचं, "चिडचिड नसेल तेव्हा तिच्या जागी काय असेल?" सगळी मेहनत या 'तिच्या जागी'वर असते.

त्यानंतर तो प्रसिद्ध चमत्काराचा प्रश्न. इन्सू किम बर्ग यांच्यासमोर एक आई बसली होती. घर, मुलं, नवरा, सगळीकडून ती कोंडीत सापडलेली. काय झालं तर उपयोग होईल, असं विचारल्यावर ती म्हणाली, आता चमत्कारच व्हायला हवा. बर्ग यांनी तो शब्द तिथेच धरला: समजा, झाला तर? मी तो प्रश्न साधारण असा विचारते:

"आता एक जरा वेगळा प्रश्न विचारते. आज तुम्ही इथून जाल, राहिलेली कामं उरकाल. रात्र होईल, घर शांत होईल, तुम्हाला झोप लागेल. आणि समजा... झोपेत असतानाच एक चमत्कार होतो. ज्यासाठी तुम्ही इथे आलात ते सगळं सुटतं. पण तुम्ही झोपेत असता, त्यामुळे तुम्हाला याचा पत्ताच नसतो. सकाळी डोळे उघडता. काहीतरी बदललंय, हे सगळ्यात आधी कशावरून लक्षात येईल?"

'समजा'नंतर थांबावं लागतं. ती शांतता मी खूप दिवसांनी शिकले. आधी मी प्रश्न एका दमात संपवायचे, आणि उत्तरही तसंच घाईचं यायचं.

एक संभाषण देते. दोन-तीन जणींचे अनुभव मिसळले आहेत आणि तपशील बदलले आहेत, म्हणजे कुणाची ओळख उघड होणार नाही. वयात आलेल्या मुलीशी रोज भांडण होणारी एक आई.

"सकाळी कशावरून कळेल?"
"घरात शांतता असेल."
"शांतता असेल म्हणजे काय चाललेलं असेल?"
"आम्ही भांडत नसू."
"मग काय करत असाल?"
(बराच वेळ काही नाही.) "मी तिच्या खोलीच्या दारात उभी राहीन. आत नाही जाणार. नुसतं 'उठलीस का' म्हणेन."
"आवाज कसा असेल?"
"घाईचा नसेल."
"घाईचा नाही हे तिला कळेल?"
"कळेल. पांघरुणातून तोंड बाहेर काढेल ती."
"ते पाहून तुम्ही काय कराल?"
"हसेन बहुतेक."
"तुम्ही हसलात की ती काय करेल?"
"ती... 'काय झालं?' म्हणेल." (आता त्या खरंच हसल्या.)
"अशी सकाळ, पूर्ण नाही पण याच्या जवळपास जाणारी, अलीकडे कधी झाली होती?"
"परवा."

हा 'परवा' ऐकायला मिळावा म्हणून तर आधीचं सगळं. पंधरा मिनिटांपूर्वी याच बाईंनी सांगितलं होतं की गेल्या वर्षभरात एक दिवस बरा गेला नाही, आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. त्रासाच्या काळात बरे क्षण नजरेतून निसटतात. त्रास मोजला जातो, बरं काही घडलं तर ते योगायोग म्हणून सोडून दिलं जातं. चमत्काराच्या सकाळीचं चित्र इतकं बारीक रंगवलं गेलं की परवाची सकाळ त्याच्याशी जुळली आणि ओळखू आली. मग पुढचा अर्धा तास आम्ही परवाबद्दलच बोललो. त्या दिवशी त्यांना उशिरा निघायचं होतं, त्यामुळे दारात थांबायला वेळ होता. पुढचं पाऊल काय, हे मला सांगावं लागलं नाही.

मोजपट्टीचा प्रश्न, शेवटची छोटी सुट्टी वगैरे राहिलंच. विचाराल तसं प्रतिसादांत लिहीन.

निरभ्र

तो जुना प्रतिसाद माझा नाही, पण 'हो' म्हणणाऱ्यांत मी होतो, म्हणून स्पष्टच विचारतो. पायात काटा मोडला असेल तर तो काढावाच लागतो. 'काटा नसता तर तुम्ही कसे चालला असतात' असं विचारून काय होणार? आणि परवा ती आई शांत होती कारण तिला घाई नव्हती. म्हणजे कारण सापडलंच ना: घाई. मग सरळ कारणच का शोधू नये?

पाऊलवाट

काट्याच्या बाबतीत तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. जिथे काटा दिसतो आणि काढता येतो तिथे काढावाच. थायरॉइडमुळे थकवा असेल तर रक्ततपासणी आणि गोळी हवी, माझे प्रश्न नकोत. पण आई-मुलीच्या भांडणात काटा कुठला? आईचं बालपण, मुलीचं वय, वडिलांचं गप्प राहणं, घराची ओढाताण, जुना एखादा अपमान. प्रत्येक कारण थोडंथोडं खरं असतं, आणि त्यातलं एखादं सापडलं तरी उद्या सकाळी दारात उभं राहून काय म्हणायचं हे त्यातून कळत नाही. डी शेझर यांनी यासाठी कुलूप-किल्लीची उपमा वापरली होती. कुलूप किती गुंतागुंतीचं आहे याचा अभ्यास करत बसण्यापेक्षा, पुष्कळ कुलपांना चालणारी एक किल्ली हाती असली तर दार उघडतं. दार उघडलं की कुलपाची रचना समजली नाही तरी आत जाता येतं.

तुमचा दुसरा मुद्दा फार चांगला आहे. 'घाई' हे कारण सापडलं, बरोबर. पण मी 'तुम्ही का भांडता?' असं विचारलं असतं तर ते आलं असतं का? आपल्या भाषेतला 'का' कानाला कसा लागतो ते पाहा. 'का केलंस?', 'का नाही उठलास?' यांना आपण लहानपणापासून रागावणं म्हणूनच ओळखतो. त्यावर माणूस समर्थन देतो किंवा स्वतःला दोष देतो. 'परवा ते कसं जमलं?' यावर मात्र तो आठवू लागतो. दोन्ही प्रश्न एकाच घाईपर्यंत पोचले असतील, पण पहिल्यातून 'मी वाईट आई, मला सतत घाई' निघतं आणि दुसऱ्यातून 'दहा मिनिटं हाताशी असली की मला जमतं'.

या विचाराची मुळं थोडी मागे आहेत. कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथल्या मेंटल रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये जॉन वीकलंड आणि त्यांचे सहकारी लघु उपचारांवर काम करत होते. त्यांचं म्हणणं असं की अडचण बहुतेक वेळा तिच्यावर केलेल्या चुकीच्या उपायांमुळेच टिकून राहते. मुलगी बोलत नाही म्हणून आई जास्त विचारते, म्हणून ती आणखी गप्प होते. वीकलंड हे डी शेझर यांचे गुरू आणि मित्र. मिलवॉकीच्या गटाने हाच विचार फिरवून धरला: माणसं अडचण टिकवतील असं काही करत असतील, तर अधूनमधून ती अडचण मोडेल असंही काही करत असणारच. तेच शोधू.

अर्धविराम

मी समुपदेशनाच्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला हे प्रश्न पाठ करायला दिलेत: चमत्कार, अपवाद (त्रास नव्हता किंवा कमी होता असे प्रसंग), मोजपट्टी, तग धरण्याचे प्रश्न. सरावाला मैत्रिणीवर वापरले तर दहा मिनिटांत सगळे संपले. पुढे काय बोलायचं सुचेना. तुम्ही पन्नास मिनिटं काय विचारता?

पाऊलवाट

अर्धविराम, बहुतेक वेळ मी दोनच शब्द विचारते: "अजून काय?"

खरं सांगते. माणूस एक उत्तर देतो, ते वरवरचं असतं. अजून काय? दुसरं सवयीचं असतं. अजून काय? तिसऱ्या-चौथ्याला तो थांबतो, वर बघतो, आणि असं काही बोलतो जे त्याने स्वतःच्या तोंडून कधी ऐकलेलं नसतं. तुझे प्रश्न संपले कारण तू प्रत्येकाला एकच उत्तर घेतलंस आणि पुढच्या प्रश्नाकडे गेलीस. पद्धतीच्या नावातल्या 'ब्रीफ', म्हणजे 'लघु', या शब्दाने सगळ्यांची फसगत होते. भेटी कमी असतात, पुष्कळदा पाच-सहाच्या आत, कधी एकच. पण भेटीच्या आत बोलणं अतिशय सावकाश चालतं.

मोजपट्टीचंही तसंच. "शून्य म्हणजे सगळ्यात वाईट, दहा म्हणजे चमत्काराची सकाळ. आज कितीवर?" समोरचा म्हणतो, तीन. आपला पहिला मोह असतो 'तीनच?' म्हणायचा, किंवा 'सात कसे होतील?' विचारायचा. दोन्ही टाळ. "तीन? शून्य का नाही? त्या तिनात काय काय आहे?" असं विचार. (हा एक 'का' चालतो, कारण तो बऱ्या गोष्टीकडे बोट दाखवतो.) ते तीन नीट उलगडेपर्यंत पुढे जाऊ नकोस. त्यानंतर, "साडेतीन झालं तर कुणाला आधी कळेल, आणि कशावरून?"

आकड्याला स्वतःचं काही मोल नाही. माझ्याकडे एका गृहस्थांनी उणे दोन सांगितले होते. मी म्हटलं, बरं, उणे तीन होऊ नये म्हणून तुम्ही काय करताय? त्यावर ते वीस मिनिटं बोलले.

कोरा_कागद

हे सगळं वाचून मला त्रास झाला, पण लिहितेच.

नवरा गेल्यानंतर दोन महिन्यांनी मी समुपदेशनाला गेले होते. कुणाकडे ते सांगत नाही. बसल्यावर दहाव्या मिनिटाला मला हाच प्रश्न विचारला गेला. रात्री चमत्कार झाला, सकाळी काय वेगळं असेल? मी म्हटलं, तो परत आलेला असेल. त्यावर उत्तर मिळालं, "ते शक्य नाही, दुसरं काही सांगा." मी उठून आले. पुन्हा कुणाकडे गेले नाही. आता चार वर्षं होतील.

तुमची आई-मुलीची गोष्ट छान आहे. पण ज्याचं काही सुटण्यासारखंच नाही, त्याला तुम्ही काय विचारता?

पाऊलवाट

कोरा_कागद, तुम्ही लिहिलंत ते तीन वेळा वाचलं. तुमच्याशी झालं ते चूक होतं. पद्धतीचा चुकीचा वापर वगैरे म्हणून मी ते बाजूला सारणार नाही, कारण ही चूक करायला ही पद्धत फार सोपी वाट करून देते. प्रश्न आकर्षक आहेत, पाठ होतात, आणि शिकणाऱ्याला ते विचारायची घाई असते. १९९४ मध्येच निलंड आणि कोर्सिग्लिया या दोन थेरपिस्टांनी यावर लेख लिहून सावध केलं होतं. सोल्युशन-फोकस्ड काम बघता बघता सोल्युशन-फोर्स्ड होतं, म्हणजे उपायाकडे बघणं राहून जातं आणि उपाय लादणं सुरू होतं.

'तो परत आलेला असेल' या उत्तरात चुकीचं काहीच नव्हतं. चमत्कारच विचारला होता, तुम्ही खरं उत्तर दिलंत. त्यावर करण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे ते उत्तर स्वीकारणं आणि त्याच्याजवळ थांबणं. 'हो. तोच तर हवा आहे.' आणि मग गप्प. तुम्हाला बोलायचं असेल तर त्यांच्याविषयी ऐकणं, जितकं सांगावंसं वाटेल तितकं.

पण मी खरं तर तो प्रश्न तुम्हाला विचारलाच नसता. दोन महिन्यांच्या दुःखात उद्याच्या सकाळीचं चित्र रंगवायला सांगणं निष्ठुर आहे. अशा वेळी या पद्धतीत दुसरा प्रश्न असतो, तग धरण्याचा. कमी प्रसिद्ध आहे, पण मला विचाराल तर या पद्धतीतला सगळ्यात मोलाचा. "हे सगळं इतकं कठीण असताना आज तुम्ही उठलात, इथवर आलात. कसं केलंत?" त्यात सगळं ठीक होईल असं आश्वासन नसतं. तुमच्या दुःखाला दुःखच म्हटलेलं असतं. फक्त त्या दुःखात तुम्ही नुसत्या पडून नव्हता, काहीतरी धरून होता, एवढं त्या प्रश्नाला दिसलेलं असतं.

आणि हा प्रश्न कौतुकाच्या सुरात विचारला की तोही बिघडतो. खरंच जाणून घ्यायचं असेल तरच विचारावा.

दुसरी_तासिका

मी शिक्षिका आहे, समुपदेशक नाही. पण आमच्या शाळेत याच्या जवळचा एक प्रयोग केला. वर्गात एक मोठी व्यक्ती मागे बसते आणि मुलं जे नीट करतात तेवढंच टिपते. तासाच्या शेवटी वाचून दाखवते. 'अमक्याने शेजारच्याला पेन दिलं', 'मागच्या बाकावरचे तिघे पाच मिनिटं गप्प बसून वाचत होते.' मग वर्गच स्वतःला दहापैकी गुण देतो आणि पुढच्या आठवड्याचा आकडा ठरवतो. माझ्या सगळ्यात दंगेखोर वर्गाने स्वतःला चार दिले होते. मी दोन दिले असते.

नंतर कळलं की याला 'वर्किंग ऑन व्हॉट वर्क्स' म्हणतात आणि ते इन्सू किम बर्ग आणि ली शिल्ट्स यांचंच काम आहे. मूल 'का केलंस'ला उत्तर देत नाही, मान खाली घालतं. हे मात्र मन लावून ऐकतं.

मोजमाप

मी मानसशास्त्रज्ञ आहे, प्रामुख्याने सीबीटी (विचार आणि वागणूक बदलण्यावर भर देणारी उपचारपद्धत) वापरतो. पाऊलवाट यांच्या कामाबद्दल आदर आहे. पण धाग्यावर पुराव्यांबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून भर घालतो.

२०१३ मध्ये जिंजरिच आणि पीटरसन यांनी ४३ नियंत्रित अभ्यासांचा आढावा घेतला. त्यातल्या ३२ मध्ये लक्षणीय फायदा दिसला आणि आणखी १० मध्ये सकारात्मक कल. ऐकायला उत्तम. पण अभ्यासांचा दर्जा कमीजास्त होता, आणि वॉलेस जिंजरिच हे स्वतः मिलवॉकीच्या सुरुवातीच्या गटात होते, हेही लक्षात ठेवायला हवं. त्यामुळे आढावा खोटा ठरत नाही, पण वाचताना माहीत असावं.

माझ्या मते जास्त बोलका अभ्यास हेलसिंकीचा. नैराश्य किंवा चिंतेचा त्रास असलेले ३२६ रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले: सोल्युशन-फोकस्ड, अल्पकालीन सायकोडायनॅमिक (मनातले जुने, नकळत दडलेले संघर्ष उलगडणारी पद्धत) आणि दीर्घकालीन सायकोडायनॅमिक. पहिल्या वर्षात दोन्ही लघु पद्धतींत सुधारणा लवकर झाली. तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा दीर्घ उपचार घेतलेले पुढे होते. म्हणजे लवकर आराम हवा असेल तर लघु पद्धत खरंच काम करते, आणि काही जणांना पुढे आणखी काही लागतं. या दोन्ही गोष्टी एकत्र सांगायला हव्यात. फक्त पहिली सांगितली जाते.

पाऊलवाट

मोजमाप, मनापासून आभार. हेलसिंकीचा अभ्यास मी स्वतः पहिल्या लेखात घालायला हवा होता. माझ्याकडे पाच भेटींत समाधानाने गेलेले काही जण वर्ष-दीड वर्षाने परत आलेत. ते अपयश आहे असं मला वाटत नाही, पण तसं होतं हे नाकारणंही बरं नाही. ज्यांना दीर्घ काम हवं असतं त्यांना मी आता लवकर ओळखते आणि दुसऱ्याकडे पाठवते.

एका छोट्या निरीक्षणाची भर घालते. १९८७ मध्ये मिशेल वायनर-डेव्हिस, डी शेझर आणि जिंजरिच यांनी पहिल्याच भेटीत ३० जणांना विचारलं की वेळ घेतल्यापासून आजपर्यंत काही फरक पडला का. २० जणांनी 'हो' म्हटलं. उपचार सुरू व्हायच्या आधी. अभ्यास लहान आहे, त्यावरून फार काही सिद्ध करू नये. पण तो वाचल्यापासून मी हा प्रश्न कधी चुकवलेला नाही, कारण तो न विचारणारा समुपदेशक त्या फरकाचं श्रेय नकळत स्वतःकडे घेतो.

निरभ्र

काट्याचा हट्ट थोडा सैल करतोय. दोन प्रश्न अजून आहेत. एक, हे कुठे वापरूच नये? दोन, पहिल्या लेखात तुम्ही शेवटच्या सुट्टीबद्दल म्हणालात, ती काय भानगड आहे?

पाऊलवाट

आधी पहिला. जिवाला धोका असेल, स्वतःच्या हातून किंवा दुसऱ्याच्या, तर सुरक्षितता आधी. कुणी जीव संपवण्याबद्दल बोलत असेल तर मी थेट, स्पष्ट शब्दांत त्याबद्दल विचारते, डॉक्टरांना आणि घरच्यांना सोबत घेते, आणि त्या भेटीत चमत्काराचं नावही काढत नाही. घरात मारहाण होत असेल तर 'ते मारत नाहीत तेव्हा तुम्ही काय वेगळं करता?' हा प्रश्न भयंकर आहे. तो मार खाणाऱ्यावरच जबाबदारी टाकतो. असं काम करायला बसलेल्या प्रत्येकाने हे एक वाक्य कधीही तोंडातून जाऊ द्यायचं नाही. भ्रम-भास, तीव्र नैराश्य, व्यसन सोडतानाचा शारीरिक त्रास, इथे औषधोपचार हवेतच. सोबतीने ही पद्धत चालते, त्यांच्याऐवजी नाही. आणि कुणाला आपली कहाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचीच असेल, तर ती ऐकणं हेच त्या दिवसाचं काम.

आता सुट्टी. मिलवॉकीत सत्राच्या शेवटी समुपदेशक पाच-दहा मिनिटं बाहेर जायचा, काचेमागच्या सहकाऱ्यांशी बोलायचा, आणि परत येऊन त्या माणसाला दोन गोष्टी सांगायचा: आम्हाला तुमच्यात काय दिसलं, आणि पुढच्या भेटीपर्यंत कशावर लक्ष ठेवाल. माझ्यामागे काच नाही की गट नाही. मी सांगून पाच मिनिटं शेजारच्या खोलीत जाते, टिपणं वाचते, आणि त्या माणसाने खरोखर केलेल्या तीन-चार गोष्टी त्याच्याच शब्दांत लिहून काढते. 'तुम्ही खूप धीराच्या आहात' असं मोघम काही नाही. 'दारात थांबलात, आत गेला नाहीत' असं. परत येऊन तेवढं वाचते. मोघम कौतुक लोक नम्रपणे परतवतात. स्वतःने केलेली गोष्ट परतवता येत नाही.

पुढच्या भेटीचा पहिला प्रश्नही 'कसं चाललंय?' नसतो. "गेल्या वेळेपासून काय बरं घडलं?" असा असतो. उत्तर 'काहीच नाही' असं आलं तर तेही ठीक. मग दिवसादिवसाने मागे जायचं.

अर्धविराम

काल मैत्रिणीशी पुन्हा सराव केला. एकच प्रश्न घेतला, मोजपट्टीचा. तिने पाच सांगितले. त्या पाचात काय काय आहे हे विचारत मी चाळीस मिनिटं बसले. 'अजून काय' अकरा वेळा विचारलं, मोजलं. सातव्याला ती रडली. मी घाबरले, पण ती म्हणाली थांबू नकोस.

पाऊलवाट

तू थांबली नाहीस ना? छान. पुढच्या वेळी ती रडली तर पुढचा प्रश्न जरा उशिरा विचार. बाकी मला काही सुचवायचं नाही.

कोरा_कागद

दोन दिवस लिहू की नको असं चाललं होतं.

तुमचा तो तग धरण्याचा प्रश्न मी स्वतःला विचारून पाहिला. चार वर्षांपूर्वीच्या मला. आधी काहीच आठवलं नाही, ते महिने माझ्या डोक्यात नुसते राखाडी आहेत. मग एक आठवलं. त्याच्या कुंड्यांना मी रोज संध्याकाळी पाणी घालत होते. मला झाडांचं काही कळत नाही, आवडही नव्हती. ज्या दिवशी अंथरुणातून उठले नाही त्या दिवशीही संध्याकाळी उठून पाणी घातलं आणि परत झोपले. एक दिवस चुकला नाही. कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मलाही हे काही केल्यासारखं वाटलं नव्हतं.

एवढंच सांगायचं होतं.

पाऊलवाट

सांगितलंत, बरं वाटलं. अंथरुणातून न उठलेल्या दिवशी संध्याकाळ झाली हे तुम्हाला कशावरून कळायचं?

आणि त्या महिन्यांत अजून काय करत होतात?

कोरा_कागद

भिंतीवरचं ऊन दारापर्यंत यायचं, त्यावरून.

दुसऱ्याचं आठवून लिहिते. थोडा वेळ द्या.